रिकाम्या उत्तराला नख

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर माझं कधी ऐकतच नाही. चौथीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. ज्या यंत्रावर मी काम करते ते एवढंसं टिंब चुकलं तरी लाल अक्षरांत ओरडतं. वाचणारी माणसं ओरडत नाहीत, मनातल्या मनात हसतात. तर हसा.

आमच्या केंद्राचा छोटा दिवाळी अंक निघतो. मला कम्प्युटर शिकवणारी पूर्वा म्हणाली, "मावशी, तुमच्या कामाबद्दल लिहा." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, लिहायचं तर दूरच. म्हणून घरी दार लोटून लिहिते आहे. अंकाला द्यायचं की नाही ते लिहून झाल्यावर बघू.

आमचं केंद्र नरपडला आहे, बायकांनी चालवलेलं. आसपासच्या वाड्यांतले चिकू आमच्याकडे येतात, आम्ही ते निवडतो आणि व्यापाऱ्याला देतो. लहान आणि डागाळलेले असतील त्यांच्या चकत्या वाळवतो. मी निवडायला होते. चिकू तयार आहे की नाही हे वरून कळत नाही, सगळेच सारखे खाकी. त्याला नख लावायचं. नखाखाली पिवळसर दिसलं तर तयार, हिरवं दिसलं तर काढणाऱ्याने घाई केली. इतकी वर्षं माझं सगळं शिक्षण या अंगठ्याच्या नखात होतं.

केंद्राच्या अध्यक्ष कुंदाकाकी. पूर्वा त्यांची सून, पुण्याची, कंपनीचं काम घरातून लॅपटॉपवर करणारी. तिने केंद्राला एक जुना कम्प्युटर आणून दिला आणि त्यात सगळ्या नोंदी भरायची सोय केली. कोण सभासद, कोणी किती चिकू आणले, कोणाला किती पैसे दिले. मग एक दिवस तिने निवडणाऱ्या बायकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "यातलं कोण शिकणार?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी हुशार म्हणून नाही. मी नाही म्हणणार नाही हे त्यांना माहीत होतं.

त्या नोंदींना प्रश्न विचारायची एक भाषा असते, तिला एसक्यूएल म्हणतात. मी पूर्वाला म्हटलं, "मला इंग्रजी येत नाही गं." ती म्हणाली, "मावशी, या भाषेत पन्नासेक शब्द आहेत. तुम्ही भाजीवाल्याशी याहून जास्त शब्दांत भांडता." ते पटलं. तक्त्यांची नावंही तिने मराठीच ठेवली होती, अक्षरं तेवढी इंग्रजी. सभासद, आवक, परत अशी. 'सिलेक्ट' म्हणजे काय दाखवू, 'फ्रॉम' म्हणजे कुठल्या तक्त्यातून, 'व्हेअर' म्हणजे कोणत्या अटीवर. मला इंग्रजी आलं ते एवढंच. आजही पार्सलवर फ्रॉम दिसलं की पुढे तक्त्याचं नाव असेल असं वाटतं. शेजारची मुलगी पुस्तकातून मोठ्याने वाचत होती, "व्हेअर इज माय कॅट?" मी म्हटलं, "अट अर्धीच आहे, बाळा."

पहिला गोंधळ लवकरच झाला. आमच्या एका सभासद मुलीचं लग्न होऊन ती झाईला गेली. तिचं गाव बदलायचं होतं. मी लिहिलं, सभासद तक्त्यात गाव बदलून झाई कर. कोणाचं, ते लिहायचं राहिलं. बटण दाबलं. यंत्र अजिबात ओरडलं नाही. चुकीच्या टिंबाला ओरडणारं यंत्र एवढ्या मोठ्या चुकीला मुकाट्याने हो म्हणालं. यादी उघडली तर अख्खं केंद्र झाईला नांदायला गेलेलं, कुंदाकाकींसकट.

"या वयात मला कुठे पाठवतेस गं?" काकी म्हणाल्या.

पूर्वाने आदल्या दिवशीची प्रत ठेवली होती, त्यावरून सगळ्यांना माहेरी आणलं. मग तिने मला तीन शब्द शिकवले, जे शिकायचा बरेच जण कंटाळा करतात. 'बिगिन', 'रोलबॅक', 'कमिट'. ती म्हणाली, "मावशी, बिगिन म्हणजे साखरपुडा. त्यानंतर जे कराल ते अजून कच्चं. नीट बघून घ्या. पसंत पडलं तर कमिट, म्हणजे लग्न लागलं. नाही पडलं तर रोलबॅक, साखरपुडा मोडला, कोणाचं काही गेलं नाही." तेव्हापासून मी साखरपुड्याशिवाय कुठल्याच नोंदीला हात लावत नाही. पुढे 'सेव्हपॉइंट' शिकले. बैठकीत ठरलेलं मानपानापर्यंतचं राहू द्या, पुढचं तेवढं मोडा, अशी ती सोय आहे. 'एक्स्प्लेन' शिकले. प्रश्नाच्या आधी हा शब्द लावला की यंत्र उत्तर कसं शोधणार ते आधी सांगतं. चिकू आणायला सगळी वाडी पालथी घालणार, की थेट त्या झाडाखाली जाणार. एका प्रश्नाला आमचं यंत्र इतका वेळ घ्यायचं की आमचा चहा होऊन जायचा. एक्स्प्लेन लावलं तर कळलं, ते दर खेपेला सगळी वाडी फिरत होतं. पूर्वाने झाडांना खुणा कराव्यात तशा नोंदींना खुणा केल्या. मग चहाला वेळच उरेना. बायका माझ्यावर रागावल्या.

आता मुख्य गोष्ट.

चिकू आणायला आम्ही सगळ्या सभासदांना प्लास्टिकचे क्रेट द्यायचो आणि त्यावर अनामत घ्यायचो. क्रेट परत, अनामत परत. गेल्या वर्षी व्यापारी बदलला. नवा व्यापारी स्वतःचे क्रेट पाठवू लागला, म्हणून आम्ही आमचे सगळे परत मागवले आणि अनामत वाटायला काढली. ज्याला पैसे दिले त्याची ओळ 'परत' या तक्त्यात घालायची, हे माझं काम. घाई फार होती. कोणी क्रेट सकाळी टाकून जायचं, कोणी कुलूप लागल्यावर ओट्यावर ठेवून जायचं.

शेवटी काकींनी विचारलं, "मंदा, कोणाचे द्यायचे राहिलेत बघ."

त्यासाठी पूर्वाने शिकवलेला एक सोपा प्रश्न होता, 'नॉट इन'. ज्यांचा सभासद नंबर परतीच्या यादीत नाही असे सभासद दाखव. मी विचारलं. उत्तर रिकामं. एकही नाव नाही.

"कोणी राहिलं नाही, काकी."

काकी खूश झाल्या. केंद्राच्या खात्यात तरीही बरे पैसे दिसत होते. कोणीतरी विचारलं, हे कुठले? काकी म्हणाल्या, "बँकेचं व्याज असेल." एवढं व्याज देणारी बँक आपल्या तालुक्यात कुठली, हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. ठरलं की त्या पैशांतून चकत्या वाळवायचं यंत्र घ्यायचं. यंत्रवाला सोमवारी येऊन आगाऊ रक्कम नेणार होता.

शनिवारी दुपारी सोमी आली. तलासरीकडच्या पाड्यावर राहते. घराभोवती तिची चिकूची थोडी झाडं आहेत. येताना बस, मग रिक्षा, मग चालत, आणि तरी कपाळावर घामाचा थेंब नाही.

"काकी, माझ्या क्रेटचं पैसं?"

"सोमे, तुला दिले की गं. या हातानं दिले."

"तो हात दुसऱ्या सोमीला गेला, काकी."

आमच्याकडे सोमवारी जन्मली ती सोमी, बुधवारी जन्मली ती बुधी. केंद्रात चार सोमी आहेत. काकी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "नावाचा घोळ होईल म्हणून तर नंबर दिलेत. कम्प्युटर सांगतो, कोणीही राहिलं नाही."

"कम्प्युटरनं माझं तोंड बघितलंय का?"

"तोंड बघायची गरज नसते त्याला."

"मग माझ्याकडे बघ म्हणावं," सोमी म्हणाली आणि ओट्यावर बसली. "कोसबाडच्या नर्सरीत मोगऱ्याची रोपं सांगून ठेवलीत. मंगळवारपर्यंत ठेवतो म्हणाला, मग दुसऱ्याला देणार. मी काय खोटं मागायला एवढ्या लांब येईन? मी बसते. मला गाडी चारची हाय."

आत बायका कुजबुजू लागल्या. एक म्हणाली, घेऊन विसरली असेल. दुसरी म्हणाली, नवऱ्याने उडवले असतील. सोमीला सगळं ऐकू जात होतं. ती समोरच्या रस्त्याकडे बघत बसली. मला तिच्याकडे बघवेना. काकी चांगल्या आहेत, पण एकदा दिले म्हटल्यावर पुन्हा देणार कशा? आणि सोमवारी पैसे यंत्रवाल्याकडे गेले की सोमी कायमची खोटी ठरणार होती.

मी यंत्रापुढे बसले. सोमीचा नंबर घातला आणि विचारलं, हिला परत दिल्याची ओळ दाखव. रिकामं. म्हणजे दिलेल्यांत ती नाही. पुन्हा पहिला प्रश्न विचारला, न दिलेल्यांची यादी दाखव. तेही रिकामं. दिलेल्यांत नाही, न दिलेल्यांतही नाही. मग ही बाई आहे कुठे? ओट्यावर तर चांगली दिसत होती.

माझा अंगठा आपोआप टेबलावर घासला गेला. मनात आलं, आपण चिकूला नख लावतो. या उत्तराला कधी लावलं?

मी बिगिन लिहिलं, म्हणजे साखरपुडा केला. एक खोटा सभासद घातला, नाव ठेवलं भोपळा. भोपळ्याला आम्ही काहीच परत दिलेलं नाही, तेव्हा न दिलेल्यांच्या यादीत भोपळा आलाच पाहिजे. विचारलं. रिकामं. भोपळासुद्धा नाही! रोलबॅक केलं, भोपळा गेला. नखाखाली हिरवं निघालं होतं. प्रश्नच कच्चा होता.

एवढं झाल्यावर मला उठून काकींना सांगायचं होतं, पण सगळ्या बायका तिथेच होत्या. मी मागच्या दाराने बाहेर गेले आणि पूर्वाला फोन लावला. ती तेव्हा पुण्याला माहेरी गेली होती. मागे तिचं बाळ रडत होतं.

"मावशी, तुमच्या परतीच्या यादीत नंबराचा एखादा रकाना रिकामा आहे का?"

"छे. माझ्याकडे रिकामं काही नसतं."

"बघा ना एकदा. सोपं आहे, 'इज नल' लावून विचारा. नल म्हणजे काहीच न भरलेलं."

फोन कानाला धरून मी आत आले आणि विचारलं. एक ओळ आली. नंबर नाही. रक्कम शून्य. शेऱ्यात लिहिलेलं, देवीचा क्रेट.

आमच्याकडे हंगामाचा पहिला क्रेट गावदेवीला जातो. तो देवळातून परत आला तेव्हा काकींनी बजावलं होतं, देवीचीही नोंद झालीच पाहिजे. मी केली. पण देवीला सभासद नंबर कुठून आणायचा? ती जागा मी रिकामी सोडली. उगाच काही लिहायचं म्हणजे देवीच्या बाबतीत खोटं बोलायचं.

"एक आहे," मी हळूच म्हटलं. "देवीचा."

पलीकडे पूर्वा इतकी हसली, इतकी हसली की बाळ रडायचं थांबलं.

"मावशी, आम्हीसुद्धा यात अडकतो हो. माझ्या ऑफिसात यावरून दोन दिवस डोकी धरून बसले होते. पण देवीमुळे अडकलेलं कोणी मी पहिल्यांदाच बघतेय."

मग तिने समजावलं, ते मला समजलं तसं लिहिते. रिकामा रकाना म्हणजे शून्य नाही आणि नाही असंही नाही. रिकामा म्हणजे माहीत नाही. यंत्र प्रत्येक सभासदाला त्या यादीतल्या एकेका नंबराशी ताडून बघतं. सोमीचा नंबर या नंबराहून वेगळा? हो. त्या नंबराहून वेगळा? हो. असं करत करत ते देवीच्या ओळीशी येतं. सोमीचा नंबर देवीच्या नंबराहून वेगळा? यंत्र म्हणतं, देवीचा नंबर मला माहीत नाही, कदाचित तोच असेल. शंका आहे तोवर मी सोमीचं नाव देणार नाही. सोमीचंच नाही, कोणाचंच नाही. एका रिकाम्या जागेपायी सगळी यादी गप्प. मी स्वतः अशीच आहे, खात्री नसली की बोलत नाही, म्हणून यंत्राचा मला फार राग आला नाही.

"मग आता देवीची ओळ काढून टाका," पूर्वा म्हणाली.

फोनचा आवाज मोठा होता. काकींनी ऐकलं. "काय काढायचं? देवीला खोडायचं? खबरदार!"

"आई, देवीला नाही, ओळीला."

"ओळ देवीचीच ना? हंगाम सुरू व्हायच्या आधी देवीला खोडते म्हणे!"

"मग तिला नंबर देऊ या," एक बाई म्हणाली.

"नंबर दिला की सभासद झाली. वर्गणी कोण भरणार?"

"आणि सभेला नाही आली तर दंड."

"ती आली तर तुमचीच बोलती बंद होईल," सोमी ओट्यावरून म्हणाली. त्या दुपारी ती पहिल्यांदा हसली. सगळ्याच हसल्या.

पूर्वाने दुसरा रस्ता सांगितला, 'नॉट एक्झिस्ट्स'. त्यात यंत्राला देवीशी ताडत बसावं लागत नाही. प्रत्येक सभासदामागे सरळ एकच विचारायचं, हिच्या नंबराची परतीची एक तरी ओळ आहे का? नसेल तर नाव दे. आणखी एक शब्द तिने सांगितला, 'एक्सेप्ट', म्हणजे एका यादीतून दुसरी वजा. वजाबाकी चौथीपर्यंत झालेली असल्यामुळे तो मला फार आवडला. मी दोन्ही लिहून घेतले. पण आधी पुन्हा साखरपुडा केला आणि पुन्हा भोपळा घातला. विचारलं. भोपळा आला! मी भोपळ्याला बघून इतकी खूश झाले की काकी म्हणाल्या, "कोण गं हा भोपळा? कुठल्या पाड्याचा?"

रोलबॅक करून खरा प्रश्न विचारला. नावं उतरू लागली. पहिलीच सोमी, तिच्या नंबरासकट. मग आणखी आली. नरपडची होती, झाईची होती, तलासरीकडची तर बरीच. लांबून येणाऱ्यांनी क्रेट ओट्यावर ठेवून गाड्या पकडल्या होत्या, बहुतेक त्याच बायका राहिल्या होत्या. बँकेचं व्याज कुठून आलं ते आता कळलं.

काकी वाचत होत्या आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली येत होता. शेवटच्या नावाला त्या थांबल्या.

"मंदा, अगं, हे तुझं नाव."

माझंच होतं. घरामागे आमचीही थोडी झाडं आहेत, क्रेट आम्हीही घेतले होते. मला वाटलं होतं, आमच्या ह्यांनी अनामत घेतली आणि घरात खर्च झाली. घरी जाऊन विचारलं तर हे म्हणाले, "मला वाटलं तू घेतलीस. म्हटलं, बाईमाणसाने चार पैसे बाजूला टाकले तर विचारू नये." आम्ही दोघे एकमेकांना न विचारता किती दिवस चांगलं वागत होतो.

पण ते संध्याकाळचं. त्या वेळी काकी उठल्या, कपाट उघडलं आणि सोमीचे पैसे घेऊन ओट्यावर गेल्या. त्या माफी मागणाऱ्या नाहीत. सोमीच्या शेजारी बसल्या, पैसे हातात दिले आणि म्हणाल्या, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

"गाडी चारची हाय, काकी."

"माझा मुलगा सोडेल स्टँडवर. आणि मोगरा फुलला की पहिला गजरा देवीला. तिच्यामुळे उशीर झाला."

"देवीला बोल लावू नका," सोमी म्हणाली. "कम्प्युटरलाच एक घाला."

यंत्रवाल्याला काकींनी फोन करून सांगितलं, या हंगामाला नको. चकत्या उन्हातच वाळवू. काही बायका नाराज झाल्या, यंत्र आलं असतं तर पाठ मोडली नसती म्हणाल्या. खरं आहे ते. मलाही यंत्र हवं होतं. अजून आलेलं नाही.

पूर्वा परत आली तेव्हा तिने परतीच्या तक्त्याला नियम घातला, नंबर रिकामा ठेवून ओळ घालता येणार नाही, 'नॉट नल'. पण आधी देवीसाठी वेगळा तक्ता केला. त्याचं नाव 'देवी'. त्यात एकच रकाना आहे, दिवसाचा. दर हंगामाला एक ओळ पडते. देवीला कोणाशी ताडून बघायचं कारणच उरलं नाही.

राहिलेल्यांना पैसे द्यायला आम्हाला थोडे दिवस लागले. लांबच्यांना आम्हीच नेऊन दिले. झाईला मी स्वतः गेले, बसने. जिचं गाव बदलताना सगळ्यांना तिथे पाठवलं होतं तीच मुलगी यादीत होती. ती म्हणाली, "मावशी, एकट्याच आलात? मला वाटलं, सगळं केंद्र येणार." ही गोष्ट तिथपर्यंत पोचली होती.

नाव मिटलं की मी प्रश्न पुन्हा विचारायचे. यादी आखूड होत गेली. शेवटी एकच नाव राहिलं. ते मी काकींना सांगत नव्हते. स्वतःचे पैसे मागायचे म्हणजे मला फार जड जातं. काकींनी मागून येऊन पडद्यावर पाहिलं.

"सगळ्यांचं निस्तरलंस आणि स्वतःला ठेवलंस होय? हात पुढे कर."

मी हात पुढे केला. त्यांनी एकेक नोट मोजून ठेवली. मग मी बसले, माझ्या नंबराची ओळ परतीच्या तक्त्यात घातली, कमिट केलं आणि विचारलं, कोणाचे राहिलेत?

उत्तर रिकामं आलं. अगदी त्या दिवशीसारखं. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. भोपळा घातला, भोपळा दिसला. भोपळा काढला, पुन्हा विचारलं. रिकामं.

"काय म्हणतो गं?" काकींनी विचारलं.

"कोणाचे राहिले नाहीत," मी म्हटलं, आणि या वेळी जरा मोठ्याने म्हटलं. "सगळ्यांचे पैसे पूर्ण परत गेले."